राख मीच भरली होती

जखमेत राख मीच भरली होती, माझ्या हातानं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण एवढंसं वाक्य तोंडातून काढायला मला दोन महिने लागले आणि तेवढ्यात एका बाईचा हात मोडला. तो हात माझ्या सासूबाईंचा. मोडला माझ्या नवऱ्यानं. मी ते उघड्या डोळ्यांनी आणि बंद तोंडानं पाहिलं.

ज्यांच्या घरी कुणाला धनुर्वात झाला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतीलच. मला सांगता येईल ते फक्त पलंगावरून दिसलेलं. माहेरी अचलपूरला मला सगळे फटकळ म्हणायचे आणि आजारानं ती सवय गेलेली नाही, तेव्हा गोड काही मिळेल या आशेनं वाचू नका.

सुई

अमरावतीला आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी गोधड्या शिवते. आता त्यांना क्विल्ट म्हणायचं. मोठं मोकळं एकरंगी कापड, एका कोपऱ्यात जुन्या गोधडीचा तुकडा आणि मधे कुठेतरी मॅटीच्या, म्हणजे चौकड्यांच्या विणीच्या कापडावर क्रॉस स्टिचनं, म्हणजे बारीक बारीक फुल्यांनी भरलेला चौकोन. सासूबाईंना हा प्रकार कधी पटला नाही. "अर्धी शिवून सोडल्यावानी दिसते वं," असं म्हणायच्या, आणि तरी तीच अर्धी गोधडी मांडीवर ओढून घेऊन तिच्यावर धावदोरा घालायच्या. त्यांचा धावदोरा माझ्या मशीनपेक्षा सरळ. गिऱ्हाईक माझ्या नावानं यायचं आणि भुलायचं त्यांच्या टाक्यांना. हे मी तोंडावर त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

पुण्याच्या एका बाईंना शेतातली खरीखुरी जुनी गोधडी हवी होती, तिचे तुकडे घालून नवीन क्विल्ट. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतातल्या गोठ्यात तशी एक होती. थंडीत बैलांच्या अंगावर टाकायची. मी ती उचलून आणली. जुनी गोधडी आधी उसवायची आणि मग धुवायची, हा आमचा नियम. भिजली की जुने दोरे आवळतात आणि उसवताना कापड फाटतं. म्हणून शेणामातीसकट तशीच घेऊन बसले. डाव्या तळव्यानं दाबून धरायची, उजव्या हातानं ओढायची. दोन थरांच्या मधे कुणीतरी कधीकाळी विसरलेली सुई होती. ती माझ्या डाव्या अंगठ्याखालच्या मांसात शिरली आणि आतच मोडली. पकडीनं ओढून काढली. काळी पडली होती.

शिवणकाम करणाऱ्या आम्हा बायकांकडे यावर एक ठरलेला उपाय असतो. चिंधी जाळायची, तिची राख जखमेत दाबून भरायची, वरून पट्टी. रक्त थांबतं, ते खरं आहे. माझी आई हेच करायची, आणि तिला कधी काही झालं नाही म्हणून मीही तेच करत आले. चिंधी हाताशी होती तीच घेतली, त्याच गोधडीची.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काहून वं, दवाखान्यात जाय ना. धनुर्वाताची सुई घेऊन ये."

"काही नाही होत, आई."

"गोठ्यातली गोधडी हाये ते. मी सांगून राहिली अन् तू आयकून नाई राहिली."

"इतक्या वर्षांत कितीदा सुई टोचली, मेले का मी?" मी म्हटलं. आवाज चढवूनच म्हटलं. त्या आत निघून गेल्या. नवरा घरात नव्हता, त्यामुळे हे बोलणं आम्हा दोघींपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. ते इंजेक्शन मी शेवटचं घेतलं होतं मुलीच्या वेळी पोटुशी असताना. ती आता पुण्यात नोकरी करते.

जबडा

नवव्या दिवशी सकाळी पोळीचा घास तोंडात जाईना. अक्कलदाढ असेल असं वाटलं. दाताच्या डॉक्टरांनी दाढ तपासायला तोंड उघडा म्हटलं, ते उघडेना. त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी चिठ्ठी लिहून आम्हाला मोठ्या दवाखान्यात पिटाळलं. ऑटोत प्रमोद एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला. (प्रमोद म्हणजे माझा नवरा. लिहिताना मी त्याला नावानं हाकारते, बोलताना अहोच म्हणते.) प्रत्येक खड्ड्यागणिक मान मागे खेचली जात होती. कुणी केस धरून ओढतंय म्हणून मी मागे वळायला गेले, तर मान वळेना.

दवाखान्यात स्ट्रेचरवर आडवं केलं. डॉक्टरांनी दातांच्या फटीतून एक चपटी पट्टी आत सारून माझ्या घशाला लावली. माणसाला उमासा यायला हवा. माझे दात त्या पट्टीवर कचकन बसले आणि सुटेनात. दोघांनी मिळून पट्टी ओढली तेव्हा सोबत एका दाताचा टवका आला. डॉक्टरांना आणखी काही बघायची गरज पडली नाही. त्यांनी तळव्यावरची पट्टी सोडवली, काळी जखम बघितली आणि विचारलं, "यात काय भरलंय?"

प्रमोद वळला तो आपल्या आईकडे.

"हे तू भरलं ना? राख हाये ना हे? तुह्येच धंदे हायेत हे, आई!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. मी सांगेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मी 'मी' म्हणायला गेले. ओठ हलले, दात हलले नाहीत, घशातून कण्हल्यासारखं काहीतरी निघालं आणि मान धनुकलीसारखी ताणली गेली. प्रमोदला वाटलं मी दुखण्यानं कण्हते आहे. सासूबाईंची नजर माझ्यावरच. तो ओरडला, "बोल ना! मारून टाकलं ना तिले!" आणि त्यानं दोन्ही हातांनी त्यांना ढकललं.

त्या मागे गेल्या, पडताना उजवा हात टेकायला गेल्या आणि तो शेजारच्या रिकाम्या स्ट्रेचरच्या लोखंडी दांडीवर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आजूबाजूला पंधरावीस माणसं होती, सगळी बघत होती.

त्या आवाजानंच मला पहिला मोठा झटका आला. धनुर्वातात आवाज, उजेड, स्पर्श, कशानंही झटका येतो. माझं अंग वर उचललं गेलं, टाचा आणि डोक्याची मागची बाजू एवढंच काय ते टेकलेलं, मधे सगळं अधांतरी. जीभ दातात सापडली. रक्त घशात उतरत होतं आणि मी पूर्ण शुद्धीत होते. या दुखण्याची हीच खरी शिक्षा आहे की ते शुद्ध जाऊ देत नाही.

अंधार

मग मला एका खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळा कागद, कानात कापूस, दारावर पाटी की बोलू नका. घशाला भोक पाडून नळी घातली, माझ्यासाठी मशीन श्वास घेऊ लागलं. गुंगीचं औषध चालू असायचं, पण ते ओसरलं की झटका. बाहेर कुणाच्या हातून वाटी पडली, झटका. कुणी दार लोटलं, झटका. एकदा माझ्याच अंगावरची चादर सरकली त्यानं झटका आला आणि पाठीचा एक मणका दबला. तो अजून दुखतो.

तिथला दिवसाचा क्रम एवढाच होता. सकाळी कूस बदलायची, नळी साफ करायची, अंग पुसायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. यातलं प्रत्येक काम म्हणजे मला मार खाण्यासारखं होतं. वैशाली नावाच्या एक सिस्टर होत्या, माझ्या माहेरच्या गावच्याच, अचलपूरहून रोज एसटीनं यायच्या. त्या खोलीत शिरताना बांगड्या काढून खिशात घालायच्या आणि हात लावायच्या आधी कानाशी अगदी हळू सांगायच्या, "ताई, आता उजव्या हाताले लावून राहिली मी. आता पाठीले." सांगून हात लावला की अंग कमी उसळायचं. बाकी कुणाला हे सुचलं नाही. तुमच्या घरी कुणी असा पेशंट असेल तर एवढं तरी नक्की करा.

भीती मरणाची होतीच. पण खरं सांगते, गुंगी उतरली की पहिला विचार मरणाचा यायचा नाही. मी मेले तर राखेचं कुणाला कधीच कळणार नाही, हा यायचा. सासूबाई जन्मभर सुनेचा जीव घेणारी बाई म्हणून जगतील. मी तोंड उघडायचा प्रयत्न करायची आणि तोच झटका व्हायचा. दोनतीनदा असं झालं आणि मग औषध वाढवलं. प्रमोद काचेपलीकडे उभा राहून भिंतीवर मुठी मारायचा. त्याच्या मुठी सुजलेल्या दिसायच्या.

पहिला शब्द

तीन आठवडे उलटून गेल्यावर झटके विरळ झाले. नंतर नळी निघाली. घशाचं भोक बोटानं दाबून पहिला शब्द उच्चारला, तो होता 'पाणी'. दुसरा असायला हवा होता. नव्हता.

प्रमोद चमच्यानं पेज भरवायचा. बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला पाण्याचा पेला हातात दिला नव्हता, आणि आता तो माझी हनुवटी पुसत होता, रडत होता. मुलगी आठवडाभर येऊन गेली, तिलाही त्यानं तेच सांगितलं. मी खुणेनं विचारलं, आई?

"ताईकडं पाठवली अकोल्याले. घरात नको मले ते. तुले मारून टाकलं असतं तिनं." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. गल्लीत त्यानं सांगितलं होतं की आई न्हाणीत घसरली.

तेव्हा बोलायला हवं होतं. आवाज होता. मी गप्प बसले, आणि याला आजार कारण नव्हता. पेजेचा चमचा धरलेला तो हात मी बघत होते. चिमूटभर राखेसाठी त्या हातानं स्वतःच्या आईचं काय केलं ते मी पाहिलं होतं. मग माझं काय करेल? आणि दुसरं कारण आणखी वाईट, तेही लिहिते. मला ते भरवणं आवडत होतं. खरं सांगितलं की चमचा खाली ठेवला जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी तोंड उघडायची ते फक्त घासासाठी.

कात्री

घरी आले तेव्हा काठी घेऊन चालत होते. बोटं थरथरायची. डॉक्टर म्हणाले होते की हाताला बारीक काम द्या, म्हणून मॅटीचा तुकडा आणि लाल दोरा घेऊन बसायची. क्रॉस स्टिच म्हणजे मोजणी. चार घरं सोडा, तिरपा टाका, परत या, उलटा तिरपा. मला दोन टाके सलग जमेनात. फुली वाकडी, दोरा गुंतलेला, सुई बोटात. एका दुपारी मी तो तुकडा कटरनं फाडला, मग पुण्याच्या ऑर्डरचं कापड फाडलं, मग गोठ्यातल्या त्या गोधडीवर वार करत सुटले. कुणाला तरी भोसकावं असा राग होता आणि तो कुणावर आहे हे मला चांगलं माहीत होतं.

खोलीच्या कोपऱ्यात सासूबाईंची अर्धवट राहिलेली एक गोधडी होती, सुई टाक्यातच अडकलेली. प्रमोद आवाज ऐकून आला, सगळा पसारा बघितला आणि ती गोधडी उचलून म्हणाला, "हे तं फेकून देतो. तिच्या हातचं काई नको घरात."

शिंप्याची मोठी कात्री माझ्या हाताखाली होती. मी ती फेकून मारली. नेम चुकला, किंवा मीच चुकवला, आज सांगता येणार नाही. त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीचा पोपडा घेऊन ती खाली पडली. तो पांढराफटक झाला.

"अकोल्याला चला," मी म्हटलं. "आत्ता."

"तुले बरं नाई..."

"आत्ता."

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. दोघांना एकदाच सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्याला एकट्याला सांगायची माझी छाती नव्हती.

अकोला

ताईच्या घरी सासूबाई पुढच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. प्लॅस्टर निघालं होतं. उजवं मनगट सुजलेलं, लाकडासारखं, वाकत नव्हतं. त्यांनी मला बघितलं, प्रमोदला बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी उभ्यानंच सांगितलं. जबडा पुरता उघडत नव्हता, शब्द दातांतून निघत होते. "राख मी भरली. आईंनी सांगितलं होतं इंजेक्शन घे. मीच ऐकलं नाही. दवाखान्यात बोलता आलं नाही, आणि नंतर बोलता येत होतं तरी बोलले नाही."

सासूबाई उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. सगळा जोर लावून मारली. मी भिंतीला धडकले. मला झटक्याची सवय झाली होती, मी त्याची वाट पाहिली. झटका आला नाही. नुसता गाल दुखला.

"आई, तुम्ही का नाही सांगितलं त्या दिवशी?" मी विचारलं.

"तू मरून राहिली व्हती वं," त्या म्हणाल्या. "मरत्या मानसाच्या नावानं काय सांगाव? म्हनलं वाचली तं सोताच सांगीन. मंग ताईच्या फोनवर कयलं का तू बोलाले लागली. रोज वाट पायली म्या. रोज. तू वाचली अन् मुकी झाली."

प्रमोद इतका वेळ दारात होता. आता तो पुढे आला आणि त्याचा हात माझ्यावर उचलला गेला. तो हात मी ओळखत होते. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सासूबाई आमच्या दोघांच्या मधे होत्या, ते न वाकणारं मनगट त्याच्या छातीवर टेकवून.

"मांग सरक. तिले मारायचा हक्क माह्या व्हता, म्या मारलं. तुह्या नाई. तुह्यं येगळं हाये."

तो मटकन खाली बसला. "आई, चल घरी," एवढंच म्हणाला.

"नाई येत. न्हानीत घसरली म्हनून सांगतलं ना तू गल्लीत? दवाखान्यातले लोक आता कुठं सापडतीन, पन गल्ली तं तिथंच हाये. तिथं सांग. दोघंबी सांगा. मंग येईन."

त्या दिवशी आम्ही दोघंच परतलो. घरी तीन दिवस त्यानं चमचा हातात घेतला नाही. पेज मी माझी मीच केली. त्याच काळात धनुर्वाताचं इंजेक्शन पुन्हा घेतलं, कारण हा आजार एकदा होऊन गेला म्हणजे पुढे होत नाही असं नसतं. ते मी घेतलंच, आणि तुम्हीही आजच्या आज आठवून बघा की शेवटचं कधी घेतलं होतं.

गल्ली

चौथ्या दिवशी तो सकाळी एकटाच अकोल्याला गेला आणि दुपारी आईला घेऊन आला. ऑटो गल्लीच्या तोंडाशीच थांबवला. सासूबाई उतरल्या आणि आमच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. आत पाऊल टाकेनात. शेजारणी आपोआप बाहेर आल्या, मी आजारातून उठले म्हणून आधीच सगळ्यांचं लक्ष होतं. "या ना माय, कसा हाये हात?" कुणीतरी विचारलं.

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पह्यले तू."

मी सांगितलं. आवाज घोगरा होता, कुणीतरी मागून म्हणालं ऐकू नाही येत, तर पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. राख मी भरली. आईंनी नाही. पायऱ्यांवर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

प्रमोद फाटकाची कडी धरून उभा होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या जबड्याकडे बघताना मला माझं सगळं दुखणं कळत होतं. तिसऱ्यांदा तो बोलला, "आई घसरली नव्हती. म्या ढकललं तिले. हात म्या मोडला."

एक लहान पोर हसलं, त्याच्या आईनं त्याला दाबलं. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, कुणी ऐकायचं राहिलं तर नाही ना, अशी.

"आयकलं ना सगळ्याईनं?" त्या म्हणाल्या. "मंग जा आता घरी. चहा नाई ठेवत मी."

डाव्या हातानं पदर सावरून त्या आत गेल्या. आम्ही दोघं फाटकात उभे राहिलो. त्यांच्या मागून आधी कुणी आत जायचं, ते आम्हाला कळेना.